बांधावर थांबलेला कायदा

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात आणि शेजारच्या तेव्हाच्या मद्रास राज्यात माणसे जेवून उठली आणि कोसळू लागली. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या आणि श्वास लागलेला. ही पटकीची साथ नव्हती आणि शिळ्या अन्नाची बाधाही नव्हती. दोष निघाला गव्हाच्या पिठात. वाहतुकीत त्या पिठाला पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक लागले होते. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या हातात पंप नव्हता, डबा नव्हता. ती फक्त जेवायला बसली होती.

पॅराथिऑन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झाले. गेरहार्ड श्रॅडर हा रसायनशास्त्रज्ञ किडी मारणारी संयुगे शोधत होता. त्याच शोधात त्याच्या हाती टाबून आणि सारिन हे युद्धातले विषारी वायूही लागले. ही सगळी एकाच कुळातली, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त संयुगे. मज्जातंतूने स्नायूला निरोप धाडला की काम झाल्यावर तो निरोप पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते, कोलिनेस्टरेज. हे विष त्या विकरालाच जखडते. निरोप पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी थांबायचे विसरतात. किडीत हेच घडते आणि माणसातही हेच घडते. फरक फक्त मात्रेचा.

'फॉलिडॉल' हे त्याचे बाजारातले नाव. वेगळ्या कुळातले पण त्याच पिढीतले दुसरे विष म्हणजे एंड्रीन. साठ-सत्तरच्या दशकांतली मराठी वर्तमानपत्रे चाळली तर आत्महत्येच्या बातमीत 'एंड्रीन पिऊन' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. गावोगावच्या आयाबायांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ही नावे ठाऊक होती. नवी शेती घरात आली तेव्हा तिच्याबरोबर ही नावेही आली.

केरळ-मद्रासच्या घटनेची चौकशी करायला केंद्र सरकारने एकसदस्य आयोग नेमला आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांची नेमणूक केली. आणीबाणीनंतरच्या शहा आयोगामुळे हे नाव आपल्याला माहीत आहे. ते हेच. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले, सरन्यायाधीश झाले. १९७७ चा आयोग इतका गाजला की १९५८ चा हा आधीचा आयोग लोकांच्या आठवणीतून पार पुसला गेला. माझ्या मते तोही तितकाच मोलाचा. विष आणि अन्न एकत्र वाहून नेऊ नये, विष कुणीही कुठेही विकू नये, डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेले असावे, या साध्या गोष्टींसाठी देशात पुरेसा कायदाच नव्हता. १९१४ चा एक कायदा होता, पण तो बाहेरून येणारी कीड आणि रोग अडवण्यासाठी. १९१९ चा विषांविषयीचा कायदा होता, पण त्याची दृष्टी विषाच्या आयातीवर आणि विक्रीवर. शेतात पोत्या-डब्यांनी जाणाऱ्या विषाचा विचार त्या दोन्हींत नव्हता. सर्वंकष कायदा करावा, असे आयोगाने सुचवले.

कायदा व्हायला दहा वर्षे लागली. १९६४ मध्ये प्रा. एम. एस. ठक्कर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय कृषी संशोधन परिषदेने समिती नेमली. तिच्या शिफारशी आल्या, मसुदा झाला आणि २ सप्टेंबर १९६८ रोजी कीटकनाशक अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट काढले होते. बुटका मेक्सिकन गहू, रासायनिक खत, नलिका विहीर आणि फवारणीचा पंप हे चौघे त्या काळात हातात हात घालून गावात शिरत होते. देशाला धान्य हवे होते, आयात गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याची नामुष्की संपवायची होती. त्या उत्साहाच्या ऐन भरात हा कायदा झाला, हे त्याचे वाचन करताना ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १९७१ च्या ऑगस्टमध्ये आणि नियम आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. विषारी पिठापासून तेरा वर्षांनी.

कायदा वाचायला बसलो तेव्हा प्रथम त्याच्या नीटसपणाचे कौतुक वाटले. कोणतेही कीटकनाशक बनवायचे वा आयात करायचे तर आधी नोंदणी समितीकडे जायचे, त्याचा उपयोग आणि माणसा-जनावरांवरची सुरक्षितता पटवून द्यायची. विकायचे तर परवाना. राज्याने कीटकनाशक निरीक्षक नेमायचे, त्यांनी नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे. विषबाधा झाली तर ती कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकते. लोकांच्या जिवाला धोका दिसला तर एखाद्या औषधाची विक्री आणि वापर ६० दिवसांपर्यंत थांबवू शकते.

नियमांत तर त्याहून बारीक काळजी आहे. डब्यावर एक चौकोन छापायचा, तोही ४५ अंशांत तिरका, म्हणजे पतंगासारखा. त्याचे दोन त्रिकोण. वरच्यात इशारा, खालच्यात रंग. उंदरावरच्या चाचणीत शरीराच्या प्रत्येक किलोला १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेल्याने निम्मे उंदीर मरत असतील तर लाल आणि वर कवटीचे चित्र. ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो मनापासूनचा होता. सोबतच्या पत्रकात मात्रा, पीक, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा लिहायचा, हिंदी-इंग्रजीशिवाय प्रादेशिक भाषेतही. विषाशी काम करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करायची. त्यांना अंगभर झगा, डोळ्यांना चष्मा, बूट आणि मनगटाच्या बऱ्याच वरपर्यंत येणारे, आत पाणी न झिरपणारे हातमोजे द्यायचे. रिकामे डबे कुणाच्या हाती लागणार नाहीत अशी त्यांची विल्हेवाट लावायची.

आणि मग येते ३८ वे कलम. हा कायदा कशाकशाला लागू नाही ते त्यात सांगितले आहे. घरगुती वापराला नाही, परसबागेला नाही, आणि कोणत्याही व्यक्तीने आपल्या वहिवाटीखालच्या जमिनीत केलेल्या वापरालाही नाही.

हे वाक्य मी तीनदा वाचले. विष कारखान्यातून निघते, गोदामात थांबते, कृषी केंद्राच्या फळीवर येते, तिथपर्यंत पावलोपावली कायदा त्याच्याबरोबर आहे. शेतकरी पैसे मोजून डबा पिशवीत टाकतो आणि आपल्या बांधावर येतो. तिथे कायदा थांबतो.

तो तिथे का थांबला, हे समजण्यासारखे आहे. देशात कोट्यवधी खातेदार, बहुतेकांची जमीन दोन-चार एकर. त्यांच्यामागे निरीक्षक लावला असता तर विष राहिले बाजूला आणि तलाठ्याच्या खेपांत आणखी एका खेपेची भर पडली असती. शेतकऱ्याला गुन्हेगार करू नये, ही भावना चांगली होती आणि आजही ती मोडावी असे मला वाटत नाही. पण सूट देताना त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यायला हवे होते. शिकवणारा माणूस, परवडणारा झगा, ऐन उन्हात घालता येईल असा मुखवटा, जवळच्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय. ते कुणी दिले नाही. शिवाय मालकाच्या शेतात रोजाने फवारा मारणारा मजूर या वाक्यात नेमका कुठे बसतो, हे कलम बोलत नाही. कायद्यातला 'कामगार' म्हणजे नोकरीच्या करारावर असलेला माणूस. सकाळी नाक्यावरून बोलावलेला, पंपावर पैसे घेणारा माणूस करार कसला करणार?

अमेरिकेने १९७२ मध्ये आपला कायदा बदलला तेव्हा नेमका उलटा रस्ता धरला. डब्यावरच्या सूचनांविरुद्ध वापर करणे हाच तिथे गुन्हा ठरला, मग जमीन कुणाचीही असो. तिथल्या शेतमजुरांचे हाल त्याने संपले असे नाही. पण 'कसे वापरायचे' हा प्रश्न कायद्याचा आहे, एवढे तरी त्यांनी मान्य केले. युरोपीय संघाने २००९ मध्ये विमानातून होणाऱ्या फवारणीवर सर्वसाधारण बंदी घातली, अपवाद मोजके.

आपल्या नियमांत मात्र 'कसे' हा प्रश्न एका ठिकाणी नेमका आला होता. तो ४३ वा नियम, हवाई फवारणीचा. फवारायचे क्षेत्र आखायचे. मंजूर औषध, मंजूर तीव्रता, मंजूर उंची. निदान २४ तास आधी लोकांना कळवायचे. फवारलेल्या जागी ठरावीक काळ माणसे-जनावरे जाऊ द्यायची नाहीत. वैमानिकाला विषबाधेची लक्षणे ठाऊक असली पाहिजेत. कागदावर हा नियम चोख आहे. त्याची परीक्षा झाली ती केरळच्या उत्तर टोकाला, कासारगोडमध्ये.

तिथल्या टेकड्यांवर केरळ राज्याच्या वृक्षलागवड महामंडळाच्या काजूच्या बागा आहेत. काजूच्या कोवळ्या पालवीतून आणि मोहोरातून रस शोषणारा एक ढेकूण असतो. कोकणातले बागाईतदार त्याला ढेकण्या म्हणतात. त्याच्यासाठी सत्तरच्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. कोकणचा माणूस तो मुलूख पाहील तर त्याला आपलाच वाटेल. तसाच जांभा, तसाच पाऊस, उतारावर घरे आणि खाली ओढे. त्यात तिथे पाण्यासाठी डोंगराच्या पोटात आडवी भुयारे खणतात, 'सुरंगम' म्हणतात त्यांना. भुयारातून झिरपणारे पाणी बारमाही पितात. अशा मुलखात काजूची बाग कुठे संपते आणि माणसाचे पाणी कुठे सुरू होते? २४ तास आधी कळवा, असे नियम सांगतो. कळवले तरी ओढा झाकायचा कशाने?

१९७९ च्या सुमारास श्री पद्रे या पत्रकाराने आपल्या परिसरातल्या वासरांच्या वाकड्या पायांबद्दल लिहिले. नव्वदच्या दशकात पद्रे गावातले डॉ. मोहन कुमार यांच्या ध्यानात आले की आपल्याकडे येणाऱ्या रोग्यांत काही आजार विपरीत प्रमाणात आहेत. लहान मुलांतली व्यंगे, मतिमंदत्व, कर्करोग. आणि लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या बाईंनी १९९८ मध्ये होसदुर्गच्या मुन्सिफ न्यायालयात हवाई फवारणीविरुद्ध दावा लावला. तालुक्याच्या पातळीवरच्या त्या न्यायालयाने फवारणी थांबवली. मला या इतिहासात त्या बाईंविषयी सर्वाधिक आदर आहे. ज्या खात्याने घरोघर फवारणी पोचवली त्याच खात्याची त्या कर्मचारी, आणि राहायला बागेच्या जवळ. २००० नंतर तिथे हेलिकॉप्टर फवारणीला उडाले नाही. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री आणि वापर अंतरिम आदेशाने थांबवला. २०१७ च्या जानेवारीत पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला झाला. पीडितांची यादी पाच हजारांवर गेली होती.

रिकाम्या डब्याचा नियमही असाच कागदावर राहिला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. १९५८ ला पीठ, २०१३ ला तेल. मध्ये पंचावन्न वर्षे गेली होती.

आता आपल्या घरची गोष्ट. यवतमाळ, २०१७.

तिकडे शेतात 'कीटकनाशक' हा शब्द कुणी वापरत नाही. 'औषध' म्हणतात. औषध आणले, औषध मारले, औषध लागले. मात्रा मोजतात झाकणाने. पंपामागे दोन झाकणे, कीड जास्त असेल तर तीन. कृषी केंद्रवाला सांगेल ते प्रमाण, कारण दवाखाना जसा तालुक्याला तसा पिकाचा वैद्य म्हणजे तोच. तो औषधाबरोबर 'टॉनिक'ही देतो. सगळे एकाच बादलीत कालवले जाते. इथे मला त्या पतंगाच्या आकाराच्या चौकोनाची आठवण होते. लाल, पिवळा, निळा, हिरवा, प्रत्येक डब्याला त्याचा त्याचा रंग आहे. बादलीत तीन डबे एकत्र झाल्यावर जे तयार होते त्याला मात्र कोणताच त्रिकोण नाही, कोणतेच पत्रक नाही.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देत नव्हती. पांढरी माशी, तुडतुडे होतेच. पऱ्हाटी दाट वाढली होती, ठिकठिकाणी माणसाच्या खांद्याच्या वर. अशा पिकात पाठीवर पंप घेऊन चालायचे म्हणजे नळी वर धरायची आणि आपल्याच फवाऱ्यात भिजत पुढे जायचे. बॅटरीचे पंप आले होते, त्यांचे तुषार बारीक. पावसाळी दमट हवेत ते अंगावर, डोळ्यांत, श्वासात. पाठीशी पंधरा-सोळा लिटरची टाकी, पाय अनवाणी, अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटलेला, आणि तोच सदरा दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात. मजूर दिवस दिवस, आठवडाभर वेगवेगळ्या शेतांत हेच काम करत होते, कारण हंगामाचे पैसे याच दिवसांत मिळतात.

जुलैपासून रुग्ण येऊ लागले. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, थरथर, काहींना दिसेनासे झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरत गेले. त्या भयंकर पिठाच्या वर्षी जी लक्षणे होती तीच कित्येकांत दिसली. फरक हा की तेव्हा विष पोटातून गेले होते, आता कातडीतून आणि श्वासातून जात होते. रक्तातले कोलिनेस्टरेज तपासायची सोय हाताशी नव्हती. वापरलेले औषध कोणते, हे रोग्यालाही नेमके सांगता येईना. नुसते 'औषध' सांगून डॉक्टराला उतारा कसा ठरवता यावा? विषय राज्याच्या राजधानीपर्यंत पोचला तो सप्टेंबर संपता संपता. तोवर जिल्ह्यात रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली होती आणि अखेरीस मृत्यू वीसहून अधिक झाले. विषबाधा कळवण्याची जी तरतूद १९६८ मध्ये लिहून ठेवली होती, ती याच दिवसांसाठी होती.

सरकारने मृतांच्या कुटुंबांना २ लाख रुपये जाहीर केले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून गेले. ज्या न्यायालयाच्या न्यायाधीशाने १९५८ मध्ये कायद्याची गरज सांगितली, त्याच न्यायालयाला साठ वर्षांनी पुन्हा याच प्रश्नात लक्ष घालावे लागले. त्या नोव्हेंबरात राज्य सरकारने पाच औषधांच्या विक्रीवर आणि वापरावर काही जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. नोव्हेंबर म्हणजे कापूस फुटून वेचणी चालू असण्याचे दिवस. फवारणीचा जोर ओसरल्यावर बंदी आली, आणि साठ दिवसांनी संपली.

तपास पथकाने मोनोक्रोटोफॉस बंद करण्याची शिफारस केली. भाजीपाल्यावर त्याला २००५ मध्येच मनाई झाली होती, पण कापसावर परवानगी होती, आणि एकदा डबा बांधाच्या आत गेला की तो कापसावर मारला की वांग्यावर, हे बघणारे कुणी नव्हते. २०१८ मध्ये केंद्राने अठरा कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. फोरेट, म्हणजे आपल्याकडचे 'थायमेट', त्यात होते, मोनोक्रोटोफॉस नव्हते. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले. दरम्यान २०२२ च्या ऑक्टोबरात ग्लायफोसेटबद्दल एक वेगळाच आदेश आला होता. तणनाशक विकायला हरकत नाही, पण ते परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच वापरले जावे. 'कसे' आणि 'कुणी' यांना कायद्याने हात घातला, ही चांगली गोष्ट. पण गावात परवानाधारक कीडनियंत्रक कुठे शोधायचा, आणि त्याची मजुरी दोन एकरवाल्याने कुठून द्यायची?

नव्या कायद्याचे मसुदे झाले. २००८ मध्ये एक विधेयक संसदेत आले आणि तसेच पडून राहिले. २३ मार्च २०२० रोजी दुसरे राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, समितीने २०२१ च्या डिसेंबरात अहवाल दिला. १९६८ चा कायदा आपल्या जागी राहिला.

२०२१ च्या डिसेंबरातच केंद्राने ड्रोनने फवारणी करण्याची कार्यपद्धती जाहीर केली. प्रशिक्षित चालक हवा, कोणते औषध आणि किती उंचीवरून ते ठरलेले हवे, वाऱ्याचा वेग पाहायला हवा. ४३ व्या नियमाचीच ही पुढची पिढी. हे सगळे योग्यच आहे. जून उलटला की विदर्भात एका शेतावर ड्रोन घिरट्या घालताना दिसतो, चालक बांधावर सावलीत उभा असतो. पलीकडच्या धुऱ्यावर एक माणूस पंप पाठीवर चढवतो, तोंडाला गमछा बांधतो, डब्याचे झाकण उघडून त्यात औषध ओततो आणि पऱ्हाटीत शिरतो.